परदेशातल्या परिषदेचं बोलावणं आलंय, पैसे कुठून आणू?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. ती पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात रात्री फिरून वटवाघळांचे आवाज रेकॉर्ड करते. युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने तिचं संशोधनाचं पोस्टर स्वीकारलंय. परिषद साडेपाच महिन्यांवर आहे. घरी चार एकर शेती, आणि फेलोशिपचे पैसे कधी दोन-दोन महिने येत नाहीत. महाराष्ट्राच्या मदतीसाठी डोमिसाइलचं काय, हेही तिने विचारलंय. शेवटचं वाक्य तिचंच देते : "मॅडम, एवढा खर्च आपल्याला झेपणारा नाही, मग आत्ताच नाही म्हणून कळवून टाकू का?"

नाही म्हणून कळवू नकोस. निदान पुढचे तीन आठवडे तरी नको.

मी बेळगावात प्राणिशास्त्र शिकवते. या कामात सत्तावीस वर्षं गेली. माझ्या हाताखालची मुलं परदेशी जाऊन आली आणि स्वीकृतीचं पत्र हातात असूनही घरी बसली, दोन्ही मी पाहिलं आहे. घरी बसलेली मुलं हुशारीत कमी नव्हती. बहुतेकांनी खर्चाचा आकडा ऐकला आणि तिथंच विषय सोडला. म्हणून आधी आकडाच मांडू.

युरो शंभर रुपयांचा धर, म्हणजे हिशेब सोपा जातो. विद्यार्थ्यांची नोंदणी फी ३५० युरो, म्हणजे ३५,००० रुपये. मुंबई किंवा बंगळूरहून जाऊन-येऊन विमान ७०,०००. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्यावर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क, मिळून ११,००० धर. प्रवास विमा दीड हजार. सहा रात्री वसतिगृहासारख्या ठिकाणी राहिलीस तर २४,०००, जेवण आणि तिथला बस-ट्रामचा खर्च २१,०००. व्हिसासाठी एकदा आणि विमानासाठी एकदा बेळगावातून बाहेर पडायचं, त्याचे ६,०००. बेरीज १,६८,५००. जेआरएफची, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० आहे, म्हणजे ही साडेचार महिन्यांची फेलोशिप झाली. गेस्ट लेक्चररच्या पगारावर पीएच.डी. करणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच.

आकडा मोठा आहे, नाकारत नाही. पण या सात खर्चांना वेगवेगळी दारं आहेत, आणि बहुतेक दारं ठोठावली तर उघडतात. खरी अडचण दुसरीकडे आहे. मदत मंजूर होते, पण पैसे हातात येतात परत आल्यावर, बिलं दिल्यावर, कधी सहा महिन्यांनी तर कधी वर्षाने. फी, तिकीट, व्हिसा हे सगळं मात्र आधी भरावं लागतं. बंगळूर-पुण्याच्या मोठ्या संस्थांत ही उचल संस्था करते. आपल्याकडे ती विद्यार्थ्याच्या बापाला करावी लागते. त्यामुळे 'पैसे कोण देईल' हा प्रश्न जेवढा महत्त्वाचा, तेवढाच 'तोपर्यंत कोण घालेल' हाही. दोन्ही आत्तापासून हाताळायचे.

पहिलं दार आयोजकांचं. लोक ते सगळ्यात शेवटी ठोठावतात किंवा ठोठावतच नाहीत. फी भरून टाकली की ती माफ करा म्हणायला जागा उरत नाही, म्हणून आधी लिहायचं. कितीतरी परिषदा जागतिक बँकेच्या वर्गवारीप्रमाणे देशांना सवलत देतात. भारत त्यात निम्न-मध्यम उत्पन्न गटात येतो. संकेतस्थळावर ही सवलत एखाद्या कोपऱ्यात लिहिलेली असते. नसली लिहिलेली, तरी विचार. पत्र मोठं नको. तू कोण, काय काम करतेस, तुझ्या गोषवाऱ्याचा क्रमांक काय, संस्थेकडून किती मिळेल आणि किती कमी पडतंय, एवढंच. गरिबीचं वर्णन करू नकोस, कामाबद्दल दोन वाक्यं जास्त लिही. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांचं नाव त्या क्षेत्रातल्या माणसांनी ऐकलेलं असतं. तू त्याच जंगलाच्या कडेला काम करतेस, हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य आहे.

त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी माग. एक, मदतीचा निर्णय लागेपर्यंत कमी दराची फी भरायची मुदत तुझ्यापुरती वाढवून मिळेल का. दोन, प्रवासाची मदत देणार असाल तर तिकीट तुम्हीच काढून द्याल का आणि खोलीचे पैसे परस्पर भराल का. हा दुसरा प्रश्न विचारायला मुलं फार संकोचतात. तिकडच्या लोकांना आपली अडचण ठाऊकच नसते. विद्यार्थी आधी खर्च करून मग मागतो, असं ते गृहीत धरतात. सांगितलं की समजतात. माझ्या एका विद्यार्थ्याला आयोजकांनी एका दिवसात तिकीट पाठवलं होतं. तो मात्र आठ दिवस ते एक वाक्य लिहू की नको या विचारात होता. मागण्यात कमीपणा नाही. ज्या विद्यापीठांकडे पैसा आहे, तिथली मुलंही हे अर्ज भरतात, आणि आपल्यापेक्षा लवकर भरतात.

दुसरं दार दिल्लीचं. संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं पूर्वीचं मंडळ एसईआरबी, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, यांची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्याची योजना आहे. इकॉनॉमी वर्गाचं जवळच्या मार्गाचं विमानभाडं, विमानतळ कर, व्हिसा फी, आणि पस्तिशीच्या आतल्यांना नोंदणी फीसुद्धा, अशी तिची रचना राहिली आहे. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात धरलेला नाही. जीवशास्त्रातल्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची सीटीईपी ही परिषद-प्रवासाची योजना आहे, सीएसआयआरचं प्रवास अनुदान आहे, वैद्यकीय संशोधन असेल तर आयसीएमआर. तुझ्यासारखाच प्रश्न असलेली इतर विषयांतली मुलं हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी : संगणकशास्त्रात एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या दोन संघटना मिळून प्रवास अनुदान देतात. भौतिकशास्त्र-गणितवाल्यांनी इटलीतल्या ट्रिएस्टचं आयसीटीपी हे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र पाहावं. भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलामांनी १९६४ मध्ये ते उभं केलं, तेच मुळी आपल्यासारख्या देशांतल्या संशोधकांसाठी. तिथं नोंदणी फी नसते आणि निवडलेल्या अनेकांचा राहण्या-प्रवासाचा खर्चही ते उचलतात. अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या योजनेचे नियम संकेतस्थळावरून नव्याने वाचायचे. मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी पीडीएफवर जायचं नाही.

एकाच खर्चाचे पैसे दोघांकडून घ्यायचे नाहीत. खर्च वाटून मात्र जरूर मागायचे : विमान दिल्लीकडे, फी आयोजकांकडे, राहणं विद्यापीठाकडे. आणि प्रत्येक अर्जात बाकीच्या अर्जांचा उल्लेख करायचा. लपवलं आणि नंतर कळलं, तर पुढच्या मुलांचीही वाट बंद होते.

आता तिकीट. इथं माझा हात पोळलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०११ मध्ये मला एका सरकारी निधीतून परदेशी परिषदेचं विमानभाडं मंजूर झालं होतं. तेव्हा सरकारी पैशाने प्रवास म्हणजे एअर इंडियानेच, असा नियम होता. मला एका टप्प्यासाठी दुसऱ्या कंपनीचं तिकीट बरंच स्वस्त मिळालं, आणि सरकारचे पैसे वाचतील अशा भाबड्या समजुतीने मी ते काढलं. परत येऊन बिलं पाठवली. चौदा महिने पत्रव्यवहार चालला आणि शेवटी त्या टप्प्याचे पैसे नामंजूर झाले ते झालेच. त्यात एका बाजूचा बोर्डिंग पास मी विमानातच सीटच्या खिशात विसरले होते, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्या वर्षी घरात दिवाळीला नवीन कपडे आले नाहीत. मुलगी लहान होती, तिला कारण काय सांगावं कळेना.

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली आणि तो नियम राहिला नाही. त्याच्या जागी दुसरा आला : सरकारी खर्चाचं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकी एकाकडून काढायचं. मोबाईलवर एखाद्या खासगी साइटवर दोन हजार कमी दिसतात आणि बोट तिकडे जातं. जाऊ देऊ नकोस. मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाच, शंका असेल तर ईमेलने विचार आणि उत्तराची प्रत काढून ठेव. बोर्डिंग पास मोबाईलवर मिळाला तरी काउंटरवरून कागदी मागून घे. बेळगावच्या सांबऱ्यापासून तिकडच्या विमानतळापर्यंत जेवढे टप्पे, तेवढे पास, जाताना आणि येताना. एका पाकिटात घाल आणि पाकीट पासपोर्टबरोबर ठेव.

नावाचंही बघ. आपल्याकडच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मार्क्सकार्डावर कितीतरी जणांचं नाव इनिशियलने असतं, आडनाव कुठे पुढे, कुठे मागे, कुठे नाहीच. पासपोर्टवर ते पूर्ण आणि वेगळ्या क्रमाने येतं. मग परिषदेच्या पत्रावर एक नाव, तिकिटावर दुसरं, फेलोशिपच्या आदेशावर तिसरं. गोषवारा पाठवतानाच पासपोर्टवरचं नाव वापरायचं असतं. तू कुठलं वापरलंयस ते आज तपास. वेगळं असेल तर आयोजकांकडून पासपोर्टप्रमाणे पत्र मागवून घे. आत्ता ते एका ईमेलचं काम आहे.

व्हिसाबद्दल मुलांना वाटतं की आधी पक्कं तिकीट हवं. शेंगेन व्हिसासाठी आरक्षण दाखवलं तरी चालतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. ही एक गाठ सुटली की निम्मा ताण उतरतो, कारण सत्तर हजार व्हिसा मिळाल्यावरच गुंततात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुझी मुदत सुरू झालेली आहे. विमा किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा हवा. बोटांचे ठसे द्यायला बेळगावाबाहेर जावं लागेल. कोणत्या देशाचं केंद्र कुठे आहे ते बघून मुंबई, बंगळूर की गोवा ते ठरव.

बँकेचा उतारा ही शेतकऱ्याच्या घरातली मोठी अडचण. आपल्याकडे पैसा येतो तो ऊस गेल्यावर, काजू विकल्यावर, एकदम. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न भरलेलं नसतं. मग घाबरून काका-मामांकडून दोन लाख आणून खात्यावर टाकतात. चंदगडकडच्या एका मुलाचा व्हिसा असाच नाकारला गेला. अर्जाच्या आठ दिवस आधी आलेली ती रक्कम बघणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत येते, आणि भरलेली फी परत मिळत नाही. दुसऱ्यांचे पैसे खात्यावर आणू नकोस. जे आहे ते दाखव, आणि त्याला कागदाची जोड दे. अनुदानाचं मंजुरीपत्र, फीमाफीचं पत्र, राहण्याची सोय झाल्याचं पत्र, विद्यापीठाचं ना-हरकत आणि 'ही परत येऊन प्रबंध सादर करणार आहे' असं गाइडच्या सहीचं पत्र. वडिलांच्या नावचा जमिनीचा उतारा जोडायचा असेल तर तो कन्नडमध्ये असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीकडून साक्षांकित करून घे. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. या कामाला आठवडा लागतो.

तू डोमिसाइलचंही विचारलंयस. सीमाभागातल्या मुलांचं हे जुनं दुखणं. महाराष्ट्राच्या संस्थांकडे गेलं की रहिवासी दाखला कर्नाटकचा, आणि इकडच्या कचेरीत गेलं की अर्ज कन्नडमध्ये भरताना अर्धा जीव जातो. महाराष्ट्राने सीमाभागातल्या, आपला दावा असलेल्या ८६५ गावांसाठी काही योजना लागू केल्या आहेत, आरोग्याची योजना त्यातलीच. पण परिषदेच्या प्रवासासाठी त्यांच्यावर विसंबून वेळ घालवू नकोस. मी वर सांगितलेली केंद्राची आणि बाहेरची दारं तू खानापूरची की कोल्हापूरची हे विचारत नाहीत. ती फक्त काम आणि तारीख बघतात. आधी ती सगळी ठोठाव, मग उरलेल्या ताकदीत दाखल्यांच्या मागे लाग.

राहिली उचल. मंजुरीचं पत्र आलं, पण तिकिटाचे सत्तर हजार आज कुठून आणायचे? आमच्या विभागात २०१६ मध्ये यावर एक उपाय केला. नऊ शिक्षकांनी प्रत्येकी दहा हजार काढले आणि नव्वद हजारांचा फिरता निधी केला. भिशी लावायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. ज्याच्याकडे मंजुरीपत्र आहे त्याला बिनव्याजी उचल मिळते, आणि अनुदान आलं की पैसे परत. आल्याच दिवशी बोर्डिंग पास आणि बिलांचा मूळ संच विभागात जमा करायचा. क्लेम आम्ही बसवून भरून घेतो, म्हणजे विद्यार्थी 'उद्या भरू' म्हणत राहात नाही. आजवर एक रुपया बुडालेला नाही. एका मुलीचे पैसे उशिरा आले, कारण तिच्या घरी आजारपण होतं. तिला कुणी विचारलंही नाही. पुढे जुन्या विद्यार्थ्यांनी भर घातली. आता एका वेळी तिघांची सोय होते. तुमच्या विभागात असं काही नसेल तर गाइडना सांग, नियमांचा कागद मी देते. तेवढ्यात जमलं नाही, तर शिक्षकांच्या पतसंस्थेतून गाइडच्या जामिनावर छोटं कर्ज निघतं. सोनं गहाण ठेवू नकोस. आईच्या पाटल्या ठेवून गेलेला एक मुलगा मला माहीत आहे. परिषदेत त्याचं लक्ष लागलं नाही.

पैसे भरतानाच्या दोन बारीक गोष्टी. सहकारी बँकेचं कार्ड परदेशी व्यवहाराला बहुधा चालत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेचं कार्ड घेऊन त्यावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच चालू करून ठेव. आणि मुदतीची वेळ कुठल्या देशाची ते बघ. मध्य युरोपातली रात्रीची बाराची वेळ म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेतीन किंवा साडेचार. 'एओई' (एनीव्हेअर ऑन अर्थ, पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत) लिहिलं असेल तर मात्र आपल्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ मिळतो.

हे सगळं खऱ्या परिषदेसाठी. तुझी मी तपासली, ती खरी आहे, तिची समिती त्या विषयात काम करणारी आहे. पण कॉलेजातल्या शिक्षकांना रोज येणारी आमंत्रणं बघून जीव तुटतो. दोन दिवसांत स्वीकृती, एकाच सभागृहात वनस्पतिशास्त्र, मार्केटिंग आणि दंतवैद्यक, फीमध्येच हॉटेल आणि सहल. बढतीच्या गुणांसाठी लोक पदरचे लाख-दीड लाख घालतात. अशा परिषदा आणि नियतकालिकं चालवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्सला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक भरायचा आदेश दिला, तरी असले ईमेल थांबलेले नाहीत. कुठलंही आमंत्रण आलं की समितीतल्या एका माणसाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल करून विचारायचं : आपलं नाव इथं आहे, ते आपल्या संमतीने आहे का?

आणि समज, यंदा नाहीच जमलं. तरी बंगळूर आहे. एनसीबीएस, आयआयएससी, आयसीटीएस या तिथल्या संशोधन संस्थांत बाहेरचे संशोधक सतत येतात, आणि काही कार्यक्रमांत निवडलेल्या मुलांची राहण्याची सोय तिथंच होते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघालीस की सकाळी तिथं. चोर्ला घाट उतरलं की गोवा. अशा ठिकाणी एका जेवणाच्या रांगेत जी ओळख होते, ती पुढच्या वर्षी शिफारसपत्र होऊन येते. पण ही दुसरी पायरी. आधी युरोपचा प्रयत्न पूर्ण करायचा.

कारण मला माहीत आहे तिथं काय होतं. माझी एक विद्यार्थिनी अशीच पोस्टर घेऊन गेली होती. कागदी पोस्टर नळीत घालून न्यायचं तर विमानात त्याची वेगळी कटकट, म्हणून खडेबाजारात कापडावर छापून घेतलं, ८४ बाय ११९ सेंटीमीटरचं, आणि साडीसारखी घडी घालून बॅगेत ठेवलं. पहिला तासभर कुणी थांबलं नाही. मग एक वयस्कर बाई आल्या, तिच्या आलेखातल्या एका वक्ररेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा आवाज पुन्हा ऐकव. हेडफोन लावून त्या अकरा वेळा ऐकत उभ्या राहिल्या. तिने दोन प्राण्यांचे आवाज एकच समजून मोजले होते. त्या बाईंनी ते तिथल्या तिथे वहीत काढून दाखवलं. त्या वहीच्या पानाचा फोटो तिच्या प्रबंधात आहे. इथं बसून आम्हा कुणाला ती चूक दिसली नसती, कारण ते आवाज ओळखणारा कान आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

तर आज रात्री आयोजकांना पत्र लिही आणि पाठवण्याआधी मला दाखव. या आठवड्यात दिल्लीचा अर्ज. पुढच्या आठवड्यात उताऱ्याचं भाषांतर. शुक्रवारी तीननंतर मी विभागात असते. पासपोर्ट, मार्क्सकार्ड, स्वीकृतीचं पत्र आणि फेलोशिपचा आदेश, चारही घेऊन ये. आधी नावं जुळवून बघू. वडिलांना सवड असेल तर त्यांनाही आण, पैसे कधी जाणार आणि कधी परत येणार ते त्यांच्यासमोर कागदावर मांडू.